अर्थिंग तोडू नका, गळती शोधा

प्रति,
माननीय संपादक,

विषय : जुन्या शिडाच्या नौकेवर किनाऱ्यावरून घेतलेल्या विजेचे संरक्षण

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या शिडाच्या नौकेचे नूतनीकरण कसे करावे, याविषयी प्रसिद्ध झालेला लेख मी दोनदा वाचला. लाकूडकाम, डोलकाठीचे ताण, शिडांची शिवण यांबद्दल लेखकाने जे लिहिले आहे ते अनुभवातून आलेले आहे आणि त्याबद्दल माझे काहीही म्हणणे नाही. परंतु विजेच्या जोडणीविषयीच्या एका छोट्या परिच्छेदात त्यांनी जाता जाता दोन सल्ले दिले आहेत, आणि ते वाचून मला हे पत्र लिहिल्यावाचून राहवले नाही. पहिला सल्ला असा, की जेटीवरच्या नव्या खांबातला संरक्षक स्विच सारखा पडत असेल तर नौकेच्या सॉकेटपाशी अर्थिंगची तार सोडवून ठेवावी, म्हणजे स्विच पडायचा थांबतो आणि पंखा गंजू नये म्हणून पाण्याखाली बसवलेले, स्वतः झिजणारे जस्तही अधिक टिकते. दुसरा असा, की जुन्या नौकेवर आता उपकरणे वाढली असल्याने १६ अ‍ॅम्पियरच्या जागी २५ अ‍ॅम्पियरचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह झाला की पडणारा स्विच, बसवावा. नौकांवरील विद्युत जोडणीच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत. त्या बळावर मी अत्यंत गांभीर्याने सांगतो, की दुसऱ्या सल्ल्याने नौकेला आग लागू शकते आणि पहिल्याने पाण्यात उतरलेल्या माणसाचा जीव जाऊ शकतो.

पहिल्या सल्ल्यातली फसगत अशी, की तो अमलात आणला की खरोखरच स्विच बहुतेक वेळा पडायचा थांबतो आणि जस्तही खरोखरच टिकते. म्हणजे नौकामालकाला आपण योग्य तेच केले असे वाटते. हे समजून घेण्यासाठी नौकेतली वीज कोणत्या वाटेने येते आणि जाते, ते पाहावे लागते. पुढील विवेचनात मी २३० व्होल्टचा पुरवठा धरला आहे. १२० व्होल्ट असेल तेथे आकडे बदलतील, तर्क बदलणार नाही.

जेटीवरच्या खांबापासून केबलमधून तीन तारा नौकेवर येतात : फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग. नौकेतील पाणी तापवणारा हीटर, बॅटरीचा चार्जर अशा धातूच्या आवरणाच्या उपकरणांना अर्थिंग जोडलेले असते, आणि हीच अर्थिंगची तार नौकेच्या डीसी, म्हणजे बॅटरीवरच्या, व्यवस्थेच्या ऋण टोकाला, म्हणजे पर्यायाने इंजिनाच्या ठोकळ्याला, शाफ्टला आणि पाण्यातल्या पंख्याला जोडलेली असते किंवा असायला हवी. ही जोड मुद्दाम केलेली असते. एखादी एसी, म्हणजे किनाऱ्याच्या विजेची, तार घासून डीसीच्या तारेला किंवा इंजिनाला चिकटली, तर त्या विजेला जेटीकडे परत जायला तांब्याची कमी रोधाची वाट मिळावी, मोठा प्रवाह वाहावा आणि एमसीबी तात्काळ पडावा, हा तिचा हेतू. आता सॉकेटपाशी अर्थिंग तोडले की काय होते? हीटरच्या आवरणाला चिकटलेली फेज तशीच अर्थिंगच्या तारेतून इंजिनाला जाते, इंजिनातून शाफ्टला, शाफ्टमधून पंख्याला, आणि तेथून पाण्यात. परतीची तांब्याची वाट आपणच तोडलेली असल्यामुळे पाणी हीच परतीची वाट होते.

पाण्याची ही वाट तांब्यासारखी नसते. गोड्या पाण्यात पंखा आणि किनारा यांच्यामधला रोध ५० ओहम धरला, तर २३० व्होल्टवर वाहणारा प्रवाह साडेचार अ‍ॅम्पियरच्या आसपास येतो. १६ अ‍ॅम्पियरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह म्हणजे एखादी छोटी शेगडी चालू असल्यासारखा. तो पडणार नाही, आज नाही आणि महिनाभरानेही नाही. माणसाच्या शरीराचे गणित मात्र मिलीअ‍ॅम्पियरमध्ये होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे मोजले होते : हातात धरलेली जिवंत तार माणसाला स्वतःहून सोडता येईल, अशा प्रवाहाची मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये सरासरी १०.५ मिलीअ‍ॅम्पियर भरली. त्यापलीकडे स्नायू ऐकेनासे होतात. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला कोणी तरी ओढून बाजूला काढू शकते. पाण्यात पोहणाऱ्याचे हातपाय ऐकेनासे झाले की तो बुडतो, आणि त्याच्या अंगावर भाजल्याची खूणही राहत नाही, म्हणून अशा मृत्यूची नोंद पुष्कळदा साधे बुडणे म्हणूनच होते. पाणी जितके गोडे तितका हा धोका अधिक, कारण गोड्या पाण्यापेक्षा माणसाचे शरीर विजेचे चांगले वाहक आहे आणि प्रवाह शरीराची वाट पसंत करतो. समुद्राच्या पाण्याची वाहकता गोड्या पाण्याच्या शेकडो पट असल्याने तेथे प्रवाह शरीराला बराचसा वळसा घालून जातो. तरीही खाऱ्या पाण्यात धोका नाही असे कोणी समजू नये, विशेषतः जेथे नदी समुद्राला मिळते तेथे तर मुळीच नाही.

काही वर्षांपूर्वी एका गोड्या पाण्याच्या जलाशयातल्या नौकेचे काम माझ्याकडे आले. मालकांची तक्रार अगदी किरकोळ होती : बॅटरी नीट चार्ज होत नाही. मी सवयीप्रमाणे आधी किनाऱ्याकडून येणाऱ्या केबलला, म्हणजे तिन्ही तारांना एकत्र कवेत घेऊन, क्लॅम्प मीटर लावला. केबलमधून जितका प्रवाह जातो तितकाच परत आला तर हा मीटर शून्य दाखवतो. त्याने ०.९ अ‍ॅम्पियर दाखवले. मीटर बंद करून पुन्हा लावला, आकडा तोच. मग जेटीच्या अर्थिंगचे टोक आणि नौकेच्या मागच्या स्टीलच्या शिडीचा बोल्ट यांमध्ये व्होल्टेज मोजले, तर ते ८७ व्होल्ट. सॉकेटची मागची बाजू उघडल्यावर हिरवी तार कापून, दुमडून, काळ्या चिकटपट्टीत नीट गुंडाळून ठेवलेली दिसली. मालकांनी मोकळेपणाने सांगितले, की जस्त दर काही महिन्यांनी संपत होते म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणा कारागिराने ती तार कापून दिली होती आणि तेव्हापासून जस्ताचा त्रास मिटला होता. पाण्याच्या हीटरच्या एलिमेंटचे आवरण मध्यंतरी केव्हातरी फुटले होते. पाणी गरम होत होते, म्हणून कोणाला शंकाही आली नाही. त्याच शिडीवरून घरची मंडळी सुट्टीच्या दिवशी पाण्यात उतरत होती. ०.९ अ‍ॅम्पियर म्हणजे ज्या ३० मिलीअ‍ॅम्पियरवर संरक्षक स्विच पडायला हवा, त्याच्या तीसपट प्रवाह. तो पाण्यात जात होता आणि १६ अ‍ॅम्पियरचा एमसीबी खुशाल उभा होता. हीटर नेमका त्या काळात बहुधा सकाळीच चालू होत असे आणि पोहणे दुपारी होत असे, एवढ्याच योगायोगाने ते कुटुंब वाचले, असे मला आजही वाटते.

जस्ताच्या प्रश्नाला उत्तरच नाही असे नाही, आणि ते उत्तर तार तोडण्याइतके सोपे नसले तरी फार अवघडही नाही. एकाच जेटीला लागलेल्या सगळ्या नौका अर्थिंगच्या तारेने एकमेकींना जोडल्या जातात आणि पाणी त्यांच्यामधला विद्युतविलेय, म्हणजे वीज वाहून नेणारा द्रव, होतो. म्हणजे आपले जस्त, शेजाऱ्याचा कांस्याचा पंखा, मधले पाणी आणि अर्थिंगची तार मिळून एक घट तयार होतो, आणि त्यात आपले जस्त शेजाऱ्याच्या पंख्यासाठी झिजते. या घटाचा दाब, म्हणजे व्होल्टेज, एका व्होल्टच्या आतबाहेर असतो. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर या उपकरणात अर्थिंगच्या वाटेत दोन्ही दिशांना दोन-दोन सिलिकॉन डायोड एकापुढे एक बसवलेले असतात. ते सुमारे १.२ व्होल्टपर्यंतचा डीसी प्रवाह अडवून धरतात, परंतु खरा बिघाड होऊन दाब त्यावर गेला की उघडतात आणि एसीचा बिघाडप्रवाह जेटीकडे निर्वेध जाऊ देतात. जस्त वाचते आणि अर्थिंगही शाबूत राहते. मात्र घेताना डायोड निकामी झाले तरी अर्थिंगची वाट तुटणार नाही, असा प्रकार मागून घ्यावा. याहून उत्तम उपाय म्हणजे विलगीकरण ट्रान्सफॉर्मर. त्यात नौकेची वीज जेटीच्या विजेशी तारेने जोडलेलीच राहत नाही. तो मात्र जड असतो, जागा खातो, आणि लहान नौकेवर त्याला कोठे बसवावे हा प्रश्न उभा राहतो.

आता पडणाऱ्या स्विचकडे वळतो, कारण लेखकाचा खरा वैताग तोच आहे आणि तो मी समजू शकतो. जेटीवरच्या नव्या खांबांमध्ये हल्ली साध्या एमसीबीबरोबर गळती ओळखणारा आरसीडी असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेने नौकातळांसाठी अशा संरक्षणाची मर्यादा २०११ च्या आवृत्तीत १०० मिलीअ‍ॅम्पियर ठेवली होती आणि २०१७ च्या आवृत्तीत ती ३० मिलीअ‍ॅम्पियरवर आणली, आणि जुन्या नौका नव्या खांबाला जोडल्या की स्विच पडतो ही तक्रार तेव्हापासून वाढत गेली. नौकामालकाची समजूत होते, की जुन्या खांबावर सगळे व्यवस्थित चालत होते, म्हणजे दोष नव्या खांबाचा. वस्तुतः जुन्या खांबाला गळती दिसतच नव्हती. गळती तेव्हाही होतीच.

आरसीडीची रचना इतकी साधी आहे, की ती कळल्यावर त्याच्याविषयीचा अविश्वास उरत नाही. फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एका लोहचुंबकीय कड्यातून एकत्र जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह सारखा असेल तर कड्यात चुंबकत्व निर्माण होत नाही. थोडासा प्रवाह कोठे तरी वाट चुकला, म्हणजे अर्थिंगमधून, पाण्यातून किंवा माणसाच्या शरीरातून परतला, की तेवढा तोल बिघडतो, कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात दाब निर्माण होतो आणि स्विच पडतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार ३० मिलीअ‍ॅम्पियरचा आरसीडी १५ ते ३० मिलीअ‍ॅम्पियरच्या दरम्यान केव्हाही पडू शकतो, आणि ३० मिलीअ‍ॅम्पियरला त्याने ०.३ सेकंदाच्या आत पडलेच पाहिजे. काम करण्यासाठी त्याला अर्थिंगची गरज नसते, हे खरे. पण अर्थिंग शाबूत असेल तर तो उपकरण बिघडल्याक्षणी पडतो, आणि अर्थिंग तोडलेले असेल तर कोणी तरी त्या धातूला हात लावेपर्यंत वाट पाहू शकतो. हा फरक नौकामालकांनी मनावर कोरून घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मग जुन्या नौकेवर तो का पडतो? माझ्या अनुभवात कारणे थोडीच आहेत आणि ती धीराने शोधली तर अर्ध्या दिवसात सापडतात. सर्वांत फसवे कारण म्हणजे न्यूट्रल आणि अर्थिंग यांची नौकेवरच झालेली गाठ. हे दोन्ही एकत्र जोडायचे ते फक्त विजेच्या उगमापाशी, म्हणजे किनाऱ्यावर, किंवा नौकेचा स्वतःचा जनरेटर अथवा इन्व्हर्टर चालू असेल तर त्याच्यापाशी. जुन्या नौकेवर कधीकाळी घरगुती पद्धतीचा वितरण फलक बसवलेला असतो आणि त्यात न्यूट्रलची व अर्थिंगची पट्टी एकाच स्क्रूने जोडून टाकलेली आढळते. कधी इन्व्हर्टरमधला जो रिले किनाऱ्याची वीज आल्यावर उघडायला हवा, तो चिकटून बसलेला असतो. अशा गाठीमुळे न्यूट्रलमधला काही प्रवाह अर्थिंगमधून आणि पाण्यातून परततो. यातली गोम अशी, की प्रवाह वाहू लागेपर्यंत गळती दिसत नाही. म्हणून किटली लावली की स्विच पडतो, चार्जर लावला की पडतो, आणि बिचारी निर्दोष उपकरणे एकामागून एक बदलली जातात. तपासणी साधी आहे : केबल दोन्हीकडून काढावी, इन्व्हर्टर आणि जनरेटर बंद ठेवावेत, आणि नौकेच्या सॉकेटमधील न्यूट्रल व अर्थिंगच्या पिनांमध्ये ओहममीटर लावावा. रोध शून्याच्या जवळ आला तर गाठ आहेच.

दुसरे कारण हीटरचे एलिमेंट, ज्याची हकीकत मी वर सांगितलीच. त्याचे पोट पाण्यात असल्याने आवरणाला बारीक चीर पडली तरी ओल आत शिरते. एलिमेंट पुरवठ्यापासून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे उंच दाब देऊन रोध मोजणाऱ्या यंत्राने, त्याचा विसंवाहक रोध मोजावा. नुसता मल्टिमीटर येथे फसवतो, कारण त्याच्या बॅटरीच्या दाबाला ती चीर जाणवत नाही. मेगर लावण्याआधी चार्जर, इन्व्हर्टर आणि सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणे त्या मंडलातून वेगळी करावीत, नाहीतर ती बिघडतील.

तिसरे कारण सरळ चुकीत मोडत नाही. आधुनिक चार्जर आणि वीजपुरवठ्याचे अडॅप्टर यांच्या आतल्या गाळण्या (फिल्टर) थोडासा प्रवाह मुद्दाम अर्थिंगमध्ये सोडत असतात, प्रत्येकी एखाद-दोन मिलीअ‍ॅम्पियर. अशी सहा-सात उपकरणे एकत्र आली की बेरीज पंधराच्या घरात जाते आणि स्विच कोणत्याही बिघाडाविना पडू शकतो. येथे उपकरणे कमी करावी लागतात, बदलावी लागतात, किंवा वर सांगितलेल्या ट्रान्सफॉर्मरचा खर्च करावा लागतो. कोणत्या उपकरणाची गळती किती, हे वितरण फलकापाशी केवळ फेज आणि न्यूट्रल या दोन तारा क्लॅम्प मीटरच्या कवेत घेऊन, एकेक मंडल चालू करत पाहता येते. संपूर्ण केबल कवेत घेतली तर फक्त पाण्यातून परतणारा प्रवाह दिसतो, आणि या दोनच तारा घेतल्या तर आरसीडीला जे दिसते तेच आपल्याला दिसते. दोन्ही मोजमापे घ्यावीत. मिलीअ‍ॅम्पियर वाचणारा क्लॅम्प मीटर मात्र हवा. नेहमीचा मोठा मीटर या कामाचा नाही.

आता दुसऱ्या सल्ल्याविषयी. एमसीबी केबल आणि तारा वाचवण्यासाठी असतो, उपकरणांची सोय पाहण्यासाठी नाही. १६ अ‍ॅम्पियरचा एमसीबीसुद्धा १८ अ‍ॅम्पियर तासाहून अधिक काळ सोसतो आणि सुमारे २३ अ‍ॅम्पियरला त्याने तासाभरात पडावे एवढीच मानकाची अपेक्षा आहे. २५ अ‍ॅम्पियरच्या एमसीबीला हेच प्रमाण लावले तर तो ३६ अ‍ॅम्पियर बराच वेळ जाऊ देईल, आणि सॉकेट, प्लग व केबल तर १६ अ‍ॅम्पियरचेच असतात. जेटीवरचा १६ अ‍ॅम्पियरचा एमसीबी आधी पडेल असे कोणी म्हणेल. पण नौका एकाच जेटीला कायम राहत नाही आणि पुढच्या ठिकाणी ३२ अ‍ॅम्पियरच्या खांबाला अडॉप्टर लावून जोडणी होते, तेव्हा नौकेवरचा एमसीबी हाच एकमेव रखवालदार उरतो.

त्याहून मोठी गोष्ट ही, की जुन्या नौकेच्या सॉकेटला लागणारी आग बहुतेक वेळा जादा प्रवाहाने लागत नाही, ती सैल जोडाने लागते, आणि ती कोणत्याही एमसीबीला दिसत नाही. पिन आणि सॉकेट यांच्यामध्ये गंजामुळे ०.१ ओहम रोध तयार झाला, तर १६ अ‍ॅम्पियरला तेथे सुमारे २५ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणजे एक चालू सोल्डरिंग आयर्न फायबरग्लासच्या भिंतीला टेकवून ठेवल्यासारखे. मी जुन्या नौकेवर गेलो की आधी प्लग काढून पिनांकडे पाहतो. एखाद्या पिनेभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडून किंचित फुगलेले असते, पितळेवर निळसर-काळी झाक आलेली असते आणि जवळ नाक नेले तर जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. असा प्लग घासून पुसून परत लावू नये. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत, कारण एका बाजूची तापलेली, ताण गेलेली पत्ती दुसऱ्या बाजूची नवी पिनही काही आठवड्यांत जाळते. जोडणी करून हीटर अर्धा तास चालवावा आणि प्लगच्या बाहेरच्या बाजूला हात लावून पाहावा. कोमट चालेल, गरम चालणार नाही.

मग करावे काय, हे सांगितल्याशिवाय पत्र पुरे होणार नाही. जुन्या नौकांवर सॉकेट कॉकपिटच्या बाजूला आणि वितरण फलक आत नकाशाच्या मेजापाशी असतो, आणि मधली पाच-सहा मीटर तार दोरखंड, बंपर आणि डब्यांनी भरलेल्या कप्प्यातून, कोणत्याही संरक्षणाविना जाते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या ई-११ या मानकात मुख्य स्विच सॉकेटपासून तारेच्या लांबीने १० फुटांच्या, म्हणजे सुमारे ३ मीटरच्या आत हवा आणि त्याने ३० मिलीअ‍ॅम्पियरची गळती १०० मिलिसेकंदांत तोडावी अशी अपेक्षा आहे. लहान नौकांच्या विद्युत जोडणीसाठी आयएसओ १३२९७ हे आंतरराष्ट्रीय मानकही आहे. माझा सल्ला असा, की त्या कप्प्यातच, पण कोरड्या आणि हात पोहोचेल अशा जागी, पाणी न शिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या पेटीत आरसीबीओ बसवावा, म्हणजे गळती आणि जादा प्रवाह दोन्हींसाठी एकच स्विच होतो. नुसता आरसीसीबी, म्हणजे फक्त गळती ओळखणारा स्विच, बसवला तर त्याच्याबरोबर एमसीबी हवाच, कारण आरसीसीबीला जादा प्रवाह कळत नाही. एमसीबी काढून त्याच्या जागी आरसीसीबी बसवलेल्या नौका मी पाहिल्या आहेत. पेट्रोलच्या इंजिनाच्या किंवा गॅसच्या कप्प्यात ही पेटी कदापि बसवू नये, कारण स्विच उघडताना ठिणगी पडते.

स्विच दोन ध्रुवांचा असावा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा. जेटीवरची जोडणी कोणी केली आहे, फेज आणि न्यूट्रल उलट तर नाहीत ना, याची खात्री आपल्याला नसते. उलट असतील तर एकध्रुवी एमसीबी खाली करूनही उपकरणात फेज जिवंत राहते, आणि दुरुस्तीसाठी हात घालणारा माणूस निर्धास्त असतो. आरसीडी टाइप ए प्रकारचा घ्यावा. केवळ टाइप एसी असा शिक्का असलेला आरसीडी स्पंदित डीसी स्वरूपाची गळती ओळखण्यासाठी बनवलेला नसतो, आणि आजच्या चार्जरमधून बिघाडाच्या वेळी नेमकी तशीच गळती होऊ शकते. तारांविषयी एवढेच म्हणतो, की कथिलाचा मुलामा दिलेली, अनेक पदरी तांब्याची तार वापरावी, टोके दाबून बसवावीत, आणि भिंतीतली घरगुती एकपदरी तार नौकेच्या कंपनात तुटते हे लक्षात ठेवावे.

आरसीडीवरची टेस्टची कळ महिन्यातून एकदा दाबावी. ती दाबल्यावर एका रोधकातून थोडासा प्रवाह कड्याला वगळून जातो आणि खरी गळती झाल्यासारखा तोल बिघडतो. वर्षानुवर्षे न दाबलेल्या स्विचची यंत्रणा खारट हवेत चिकटते. एका नौकेवर ती कळ मी दाबली तेव्हा काहीच झाले नाही, आणि मालक इतकी वर्षे त्या पेटीच्या भरवशावर होते. ही कळ स्विच चालतो की नाही एवढेच सांगते, अर्थिंग शाबूत आहे की नाही ते सांगत नाही, म्हणून अर्थिंगचा रोध सॉकेटपासून हीटरच्या आवरणापर्यंत वर्षातून एकदा वेगळा मोजावा. आरसीडीची मर्यादाही सांगायला हवी. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेल्या माणसाला तो वाचवू शकत नाही, कारण जाणारा आणि येणारा प्रवाह तेव्हा सारखाच असतो आणि तो शरीर एखाद्या दिव्यासारखे समजतो. शिवाय तो फक्त आपल्या नौकेची गळती तोडतो. शेजारच्या नौकेतून पाण्यात येणाऱ्या विजेवर त्याचा काही इलाज नाही, म्हणून वीजपुरवठा असलेल्या जेटीच्या आसपास पोहू नये, आपली नौका कितीही चांगली असो.

नौका दुरुस्तीसाठी जमिनीवर काढलेली असली म्हणजे हा धोका नाही, असा एक समज आहे. तेव्हा तर पाण्याची वाटही नसते. अर्थिंग तुटलेले असेल तर शाफ्ट आणि पंखा पूर्ण दाबाने जिवंत होऊ शकतात, आणि ओल्या जमिनीवर उभे राहून पंखा घासणारा माणूस ही पहिली वाट ठरतो.

हे काम विजेची माहिती असलेल्या माणसाकडून करून घ्यावे, आणि पेटी उघडण्याआधी केबल जेटीच्या टोकाकडून काढून टेस्टरने खात्री करून घ्यावी. केबल जोडताना आधी नौकेकडचे टोक आणि मग जेटीकडचे, काढताना आधी जेटीकडचे, हा क्रम मुलांनाही शिकवावा, म्हणजे जिवंत टोक कधी कोणाच्या हातात राहत नाही आणि पाण्यातही पडत नाही.

आपल्या पुरवणीचा वाचकवर्ग मोठा आहे आणि जुनी नौका हौसेने घेऊन स्वतःच्या हाताने ती उभी करणारे लोक असे लेख कापून जपून ठेवतात, हे मला माहीत आहे. लेखकाच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु अर्थिंगची तार सोडवण्याचा आणि २५ अ‍ॅम्पियरचा एमसीबी बसवण्याचा सल्ला कोणी अमलात आणू नये, आणि ज्यांनी या आठवड्यात तो अमलात आणला असेल त्यांनी तार पुन्हा जोडेपर्यंत किनाऱ्याची केबल काढून ठेवावी, अशी ठळक सूचना त्याच पुरवणीच्या येत्या अंकात छापावी, ही आपणास आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
नौकांवरील विद्युत जोडणीचे काम करणारा एक वाचक